माळशेज पाहायला जाताना



पावसाची पहिली मोठी सर पडून गेली की आमच्या भिवंडीत दोन प्रकारची माणसे दिसू लागतात. एक, घराच्या पत्र्यावर ताडपत्री टाकणारी, आणि दुसरी, "काय हो, या रविवारी माळशेजला जायचं का?" असे विचारणारी. पुष्कळदा ही दोन्ही माणसे एकच असतात. सकाळी पत्र्यावर चढलेला गृहस्थ संध्याकाळी गाडीच्या चाकांत हवा भरून घेताना दिसतो. मीही त्यांच्यापैकीच एक. म्हणून आज मी जे सांगणार आहे ते शहाण्या माणसाने केलेला उपदेश म्हणून ऐकू नका. एकदा चुकलेल्या माणसाचा अनुभव म्हणून ऐका.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. जुलैमधला रविवार होता. माझ्या आईचे माहेर घाटापलीकडे, ओतूरच्या बाजूला. तिची धाकटी बहीण, म्हणजे आमची मावशी, तिथेच असते. आईची सत्तरी उलटलेली. "एकदा घाट चढून बहिणीला भेटून येऊ," असे ती फार दिवस म्हणत होती. थोरले बंधू गाडी घेऊन आले. वहिनी, आमची मंडळी, मुले, असे सगळे तयार झालो. सहाला निघायचे ठरले होते. पुऱ्या तळून व्हायच्या होत्या, एका मुलाची चप्पल सापडत नव्हती, शेजारच्या काकूंनी मावशीसाठी लोणचे द्यायचे कबूल केले होते. असे करता करता निघालो साडेदहाला.

पुढचे तुमच्या लक्षात आलेच असेल. कल्याणात गर्दी लागली. मुरबाडला जेवायची वेळ झाली. घाटात पोचलो तेव्हा तीन वाजून गेले होते. मुले धबधब्याखाली गेली ती निघेनात. वर माथ्यावर इतके धुके होते, की पुढे ओतूरला जाऊन परत येणे शक्य नाही हे सर्वांना कळले. पण बोलून कोण दाखवणार? शेवटी आईच म्हणाली, "राहू दे रे, परत येऊ." सहाच्या सुमारास आम्ही उतरायला लागलो आणि दोन वळणे घेतली नाहीत तोच रस्ता दिसेनासा झाला. काच आतून धुरकटली. वायपरचे रबर जुने झालेले, ते पाणी पुसण्याऐवजी पसरवू लागले. एका वळणावर दगडमातीचा ढीग आलेला, अगदी दहा पावलांवर गेल्यावर दिसला. दादाने गाडी उभी केली. मागच्या सीटवर आई तोंडातल्या तोंडात जप करीत होती. मुले गप्प झाली होती. आणि आमच्या घरातली मुले गप्प होणे म्हणजे काही साधी गोष्ट नाही!

तेवढ्यात मागून भाजीचा एक टेम्पो आला. ओतूरकडची भाजी रात्री कल्याणच्या बाजारात उतरवायची, हे त्या चालकाचे रोजचे काम. तो खाली उतरला, काचेवर टिचकी मारून म्हणाला, "दादा, माझ्या मागल्या लाल दिव्यावर नजर ठेवा. मधे अंतर ठेवा. मी थांबलो की थांबायचं." असे करीत, पायी चालणाऱ्याच्या वेगाने, त्याने आम्हांला घाटाखाली आणले. टोकावड्याला चहाच्या टपरीवर थांबलो. पैसे देऊ केले ते त्याने घेतले नाहीत, चहा मात्र घेतला. मी शिकवतो हे कळल्यावर हसून म्हणाला, "मास्तर, पोरांना टाइमटेबल तुम्हीच लावून देता ना? मग आज सोताचं का नाही लावलं?"

श्रोतेहो, त्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. त्याला द्यायला हवे होते ते टाइमटेबल आज तुम्हांला सांगतो.

आधी रस्ता समजून घेऊ. हा आपला राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 61. पूर्वी याच वाटेला 222 हा क्रमांक होता. भिवंडीजवळ तो सुरू होतो आणि कल्याण, मुरबाड, माळशेज, अहिल्यानगर, परभणी, नांदेड असे करीत पार तेलंगणात जगित्यालपर्यंत जातो. म्हणजे आपण ज्याला सहलीचा रस्ता म्हणतो, तो मराठवाड्यातल्या माणसाचा मुंबईला येण्याचा रस्ता आहे. त्यावर भाजी येते, दूध येते, आजारी माणसे येतात, परीक्षेला निघालेली मुले येतात. हे एकदा मनात पक्के बसले की वळणावर मधोमध गाडी उभी करून फोटो काढण्याची इच्छा आपोआप कमी होते.

भिवंडीहून कोनगाव, खाडीवरचा दुर्गाडीचा पूल, कल्याण, शहाड, मग रायते, मुरबाड, टोकावडे, वैशाखरे, मोरोशी आणि मग घाट. माथा समुद्रसपाटीपासून सुमारे सातशे मीटर. हिमालयातल्या खिंडींपुढे ही उंची काहीच नाही. पण खिंडीचा धाक उंचीवर अवलंबून नसतो. ती किती थोड्या अंतरात चढते आणि तिच्यावर किती पाणी पडते यावर असतो. माळशेजला या दोन्ही गोष्टी भरपूर आहेत.

असे का, हे थोडे पाहू. अरबी समुद्रावरून येणारा वारा पाण्याने जड झालेला असतो. कोकणच्या सपाटीवरून येऊन तो सह्याद्रीच्या भिंतीला अडतो आणि वर चढतो. वर चढला की गार होतो, आणि गार हवेला वाफ पेलवत नाही. ती ढग होते, पाऊस होते. आपण घाटात ज्याला धुके म्हणतो ते पुष्कळदा ढगच असतात. आपण ढगातून गाडी चालवीत असतो. तोच वारा माथा ओलांडून पलीकडे उतरला की कोरडा होत जातो. म्हणून घाटात छत्री उलटी होते आणि तासाभरात आळेफाट्याला पोचावे तर तिथला शेतकरी आभाळाकडे बघत बसलेला असतो. अंतर थोडे, पण पावसात जमीन-अस्मानाचा फरक.

आता दरडीविषयी. हा डोंगर म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरत गेलेल्या लाव्हाचे थर. काही थर कातळासारखे कठीण, काही भेगाळलेले, मुरमाड. रस्त्यासाठी डोंगराची कड कापलेली असते. पाणी भेगांतून आत शिरते, माती फुगते, जड होते आणि एखाद्या क्षणी सुटते. लक्षात ठेवण्याची गोष्ट अशी, की पाऊस थांबल्यावरही दरड येऊ शकते, कारण आत मुरलेले पाणी अजून बाहेर पडलेले नसते. "आता उघडलंय, चला" हे म्हणणे म्हणूनच फारसे खरे नाही. माळशेजमध्ये 2013 साली आणि 2018 साली पावसाळ्यात मोठ्या दरडी येऊन रस्ता काही दिवस बंद पडला होता. जून 2024 मध्ये चालत्या रिक्षावर दरड कोसळून दोघांचा जीव गेला. आणि नुसता पाऊसच धोक्याचा असतो असेही नाही. 2 जानेवारी 2014 रोजी, म्हणजे कोरड्या दिवसांत, ठाण्याहून तेव्हाच्या अहमदनगरकडे जाणारी बस याच घाटात दरीत कोसळली आणि पंचविसांहून अधिक माणसे गेली. हे मी भीती घालायला सांगत नाही. घाट सुंदर आहे आणि तो पाहायलाच हवा. पण ज्याच्या घरी जायचे त्याचा स्वभाव आधी माहीत असावा, एवढेच.

आता टाइमटेबल.

आदल्या दिवशी तीन कामे करायची. पहिले, हवामान खात्याचा इशारा पाहायचा. पिवळा असेल तर सावध राहायचे, नारिंगी असेल तर बेत पुढे ढकलायचा, लाल असेल तर चर्चाच करायची नाही. घरी भजी तळायची. दुसरे, ठाणे आणि पुणे या दोन्ही जिल्ह्यांच्या प्रशासनाचे मनाई आदेश आहेत का ते पाहायचे. पावसाळ्यात धबधब्याखाली जाणे, कठड्यावर बसणे, अवघड जागी गाडी थांबवणे यांवर दर वर्षी असे आदेश निघतात. तिसरे, गाडी पाहायची. ब्रेक, चाकांतली हवा, स्टेपनी, दिवे, आणि वायपरचे रबर. हे रबर किती स्वस्त मिळते आणि ते नसले तर किती महाग पडते, हे मी आता जाणतो.

निघायचे पहाटे साडेपाचला. पुऱ्या आदल्या रात्री. उजाडता उजाडता कल्याण मागे पडले पाहिजे, कारण आमच्याकडे गोदामांचे ट्रक एकदा रस्त्यावर आले की दुर्गाडीचा पूल ओलांडणे हाच एक घाट होऊन बसतो. रायत्याला उल्हास नदीचा पूल लागतो. तिथे क्षणभर पाण्याकडे पाहावे. मोठ्या पुरात इथे वाहतूक बंद पडते. सकाळीच नदी काठोकाठ दिसली तर संध्याकाळी परतीची वाट राहील की नाही, हा प्रश्न तिथेच विचारावा. मुरबाडला चहा, इंधन आणि लघुशंका ही तिन्ही कामे उरकावीत. टोकावड्याला, समोरून येणारा एखादा टेम्पोवाला किंवा एस.टी.चा चालक थांबलेला असेल, त्याला विचारावे, "वर कसं आहे?" त्याच्याइतके ताजे वर्तमान कुठल्याही वर्तमानपत्रात मिळणार नाही.

घाटात गाडी चालवण्याचे नियम जुन्या चालकांनी फार सोप्या शब्दांत सांगून ठेवले आहेत. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. न्यूट्रलवर गाडी सोडून पेट्रोल वाचवू नका. ब्रेक तापतात आणि तापलेला ब्रेक धरत नाही. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या. वळणावर हॉर्न द्या, पण ओव्हरटेक करू नका. धुक्यात दिवे खाली पाडा. वरचा झोत ढगावर आपटून आपल्याच डोळ्यांवर येतो. काच आतून धुरकटली तर वारा काचेवर सोडा. मुलांना मळमळत असेल तर पुढे बसवा, लांबवर पाहायला सांगा, आणि मोबाइल हातातून काढून घ्या. काही वळणांवर मोबाइलची रेंज जाते, म्हणून घरच्यांना वेळ आधीच सांगून ठेवा. संकटात 112 हा क्रमांक, आणि रुग्णवाहिकेसाठी 108.

नऊच्या आत माथ्यावर पोचलात तर पुढचा सगळा दिवस तुमचा. खुबी फाट्यावरून पिंपळगाव जोगा धरणाचा जलाशय दिसतो, त्यामागे हरिश्चंद्रगडाचा डोंगर. ढग बाजूला झाले तर तो एकदम समोर उभा राहतो आणि सगळी बडबड थांबते. पुढे ओतूर, जुन्नर, शिवनेरी. पण एका दिवसात सगळे नको. नाणेघाटही याच बाजूला आहे. दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहनांच्या काळी कल्याण बंदराचा माल बैलांच्या पाठीवर ज्या वाटेने जुन्नरला चढत होता ती वाट. तिथे नागणिका राणीचा ब्राह्मी शिलालेख आहे, जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण आहे. त्यासाठी वेगळा दिवस काढावा, आणि कोरडा काढावा. एका दिवसात चार ठिकाणे पाहणारा माणूस खरे तर एकही पाहत नाही, फक्त धावतो. आणि घाटात धावणे बरे नव्हे.

आणि आता टाइमटेबलातली सर्वांत महत्त्वाची ओळ. दुपारी तीन वाजता गाडीचे तोंड घराकडे. कुठेही असा, काहीही राहिलेले असो. जुलैत सूर्य सातनंतर मावळतो हे पंचांगात खरे. घाटात ढग उतरला की पाचलाच संध्याकाळ होते.

ही ओळ घरी बसून ठरवायची असते. घाटात ठरत नाही. तिथे मुले हट्ट करतात, कोणी म्हणते इतक्या लांब आलो, कोणी म्हणते आणखी दहाच मिनिटे. ऑस्ट्रिया देशात ग्रोसग्लोकनर नावाचा आल्प्समधला उंच रस्ता आहे, 1935 साली तो खुला झाला. त्याला फाटक आहे. हिवाळ्यात तो बंद, आणि उन्हाळ्यातही रात्री बंद. फाटक लागले की वाद संपला. आपल्याकडे वरंध घाट अलीकडच्या काही पावसाळ्यांत प्रशासनाने वाहतुकीला बंद ठेवला होता. पण माळशेज हा लाखो लोकांचा रोजचा रस्ता, त्याला सहसा फाटक लावता येत नाही. म्हणून सहलीला जाणाऱ्याने ते आपल्या मनात लावून निघावे.

आता शिक्षक बंधुभगिनींसाठी दोन शब्द. शाळेची सहल भर पावसात घाटात नेऊ नये, दसऱ्यानंतर न्यावी. रस्ता कोरडा असतो, डोंगर अजून हिरवा असतो. आणि नेलीत तर भूगोलाचा धडा पुस्तक न उघडता होतो. माथ्यावर मुलांना उभे करून विचारा : इथे दोन थेंब पडले, एक पश्चिमेला, एक पूर्वेला, तर ते कुठे जातील? पश्चिमेचा थेंब काळू नदीने खाली उतरतो, कल्याणजवळ उल्हासला मिळतो आणि खाडीवाटे अरबी समुद्रात जातो. पूर्वेचा थेंब कुकडीला मिळतो, कुकडी घोडला, घोड भीमेला, भीमा कृष्णेला, आणि शेवटी तो बंगालच्या उपसागरात पोचतो. हाताच्या अंतरावर पडलेले दोन थेंब दोन समुद्रांना जातात! हे फळ्यावर दहा वेळा सांगून जे होत नाही ते तिथे एकदा सांगून होते. मोजणी मात्र चढताना आणि उतरताना दोन्ही वेळा करा, आणि जो मुलगा "सर, भीती वाटते" म्हणेल त्याला हसू नका.

घाटाच्या दोन्ही अंगांना जी गावे आहेत, त्यांतल्या श्रोत्यांनाही एक विनंती. आमच्यासारखे शहरातले लोक तुमच्या दारात येतात तेव्हा त्यांना अडवायला संकोच करू नका. "पुढे जाऊ नका" हे तुमच्या तोंडून ऐकले तर माणूस थांबतो. आणि शहरातल्यांनी काकडी, मका, करवंदे त्यांच्याकडून विकत घ्यावीत, घासाघीस करू नये, आणि कागद-पिशव्या आपल्या गाडीतून परत न्याव्यात. ज्या ओढ्यात आपण पिशवी टाकतो, त्याचे पाणी खाली कोणाच्या तरी खाचरात जाते.

शेवटी, आमच्या मावशीचे काय झाले ते सांगायचे राहिले.

पुढल्या वर्षी ऑगस्टमध्ये आम्ही पुन्हा निघालो, या खेपेला पहाटे साडेपाचला. टोकावड्याला विचारले तर एका चालकाने मान हलवली : वर फार पाऊस आहे, मोरोशीच्या पुढे पाण्याचे लोट येताहेत. आमचा नियम होता, आम्ही परत फिरलो. मुले रडली. दादा दिवसभर माझ्याशी बोलला नाही. वर काही झालेच नाही, असे दुसऱ्या दिवशी कळले तेव्हा तर मुळीच नाही. मलाही वाटून गेले, गेलो असतो तर चालले असते. पण त्या दिवशी आम्हांला उद्याचे वर्तमान ठाऊक नव्हते, आणि आई बरोबर होती. परत फिरणाऱ्याला आपण बरोबर होतो याचा पुरावा कधी मिळत नाही. तो मिळत नाही यातच सगळे आले.

दसऱ्यानंतरच्या रविवारी तिसऱ्यांदा निघालो. आभाळ निळे होते. नऊच्या आधी माथ्यावर होतो, साडेदहाला मावशीच्या अंगणात. दोघी बहिणी ओट्यावर बसून एकमेकींचे हात धरून बोलत होत्या. काय बोलत होत्या ते आम्हांला कळले नाही, कारण दोघी एकाच वेळी बोलत होत्या. गेल्या वर्षीचे लोणचे पार मुरून गेले होते, ते एकदाचे पोचते झाले. दोनच्या सुमारास मी घड्याळ पाहिले. आईने ते पाहिले. काही न बोलता ती उठली, बहिणीने तिच्या ओटीत नारळ घातला, आणि बरोबर अडीचला आम्ही निघालो.

संध्याकाळी उजेड असतानाच भिवंडीत होतो.

आपणही घाट पाहायला जरूर जा. टाइमटेबल लावून जा, आणि परत फिरावे लागले तर मनाला लावून घेऊ नका. घाट पुढच्या रविवारीही तिथेच असतो.